वाकळीचे पदर

सावरगावचे नाव वर्षातून एकदाच वर्तमानपत्रांत येते, ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा चढतो, आणि एका काठावर सावरगाव, दुसऱ्या काठावर पांढुर्णा अशी गोटमार चालते. त्या एका दिवसावरून आमच्या गावाची परीक्षा करणारी मंडळी पुष्कळ आहेत. उरलेल्या दिवसांत इथली माणसे काय अंथरतात आणि काय पांघरतात, याची चौकशी कोणी करीत नाही. प्रस्तुत लेख त्या पांघरुणाविषयी आहे. विषय क्षुल्लक वाटेल; परंतु आमची सारी नोकरी महसुली कागदांत गेली असल्यामुळे क्षुल्लक नोंदींत मोठे वाद दडलेले असतात, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

निमित्त असे घडले. गेल्या हिवाळ्यात माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. तीत दोन वस्तू होत्या. एक आमच्या आजीच्या हातची वाकळ, कडेला कुरतडलेली आणि मधोमध विरलेली. दुसरी वस्तू म्हणजे आईच्या चार लुगड्यांचे गाठोडे. पणतीसाठी वाकळ शिवायची म्हणून आईने ती लुगडी धुऊन, घडी घालून वेगळी ठेवली होती. पुढे दृष्टी मंदावली, सुईत दोरा ओवेना, आणि एके दिवशी आईच राहिली नाही. गाठोडे तसेच राहिले. ते उघडण्याचा धीर सहा वर्षे घरात कोणाला झाला नव्हता.

शब्दाविषयी दोन ओळी. ग्रंथांत गोधडी हा शब्द अधिक रुळला आहे. आमच्याकडे वाकळ म्हणतात, आणि वऱ्हाडी वळणाच्या जिभेवर ‘ळ’ टिकत नसल्याने तिची वाकय होते. हिंदी शेजाऱ्यांची गुदडी आणि कथरी, कानडी मुलखातली कौदी, बंगालची कांथा, बिहारची सुजनी ही सारी तिची भावंडे. संस्कृतातली कन्था म्हणजे चिंध्या जोडून केलेले वस्त्र. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवावे लागे, आणि मगधातील भातशेतीच्या बांधांसारखी त्याची आखणी आनंदाने केली, अशी कथा विनयपिटकात आहे. शेताच्या बांधांचा नकाशा अंगावर पांघरण्याची कल्पना आमच्यासारख्या महसुली माणसास विशेष भावली. विदर्भात गाडगे महाराजांनाही लोक गोधडेबुवा म्हणत. त्यांचे देहावसान 20 डिसेंबर 1956 रोजी झाले. त्याच्या एकोणपन्नास दिवस आधी, 1 नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना होऊन आमच्या मुलखाचा धागा नागपूरपासून तुटला होता. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु आमच्या घरच्या आठवणींत ‘छप्पन साल’ म्हटले की दोन्ही एकत्रच निघत.

आता आजीच्या वाकळीकडे वळू. ती दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी ती उसवावयास घेतली. टाके निघू लागले तसतसे आतले पदर सुटू लागले आणि आम्ही चष्मा लावून जवळ बसलो. दफ्तरखान्यात जुनी मिसल उघडावी तसा तो प्रकार होता. फरक इतकाच की मिसलीत सर्वांत जुना कागद तळाशी सापडतो, वाकळीत तो मधोमध असतो. पांघरूण झिजले की वरून नवे लुगडे चढवावयाचे आणि पुन्हा टाके घालावयाचे, ही रीत असल्याने जुने वस्त्र आत आत जाते.

सर्वांत आतला पदर हातमागाचा होता. सूत जाडेभरडे, रंग उडालेला, काठ मात्र शाबूत. सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा या पट्ट्यात कोष्टी विणकरांची घरे होती आणि घाटाखालच्या शेतकरी कुटुंबांतील स्त्रिया त्यांचीच लुगडी नेसत. ‘घाटाखालच्या’ हा शब्द जाणून योजला आहे. छिंदवाड्याच्या मुलखाचे जुन्या दप्तरांत दोन भाग केलेले आढळतात. सातपुड्याच्या माथ्यावरचा तो बालाघाट, आणि खाली नागपूरच्या मैदानाकडे उतरणारा तो जेरघाट. कपाशीची काळी जमीन आणि मराठी भाषा, दोन्ही जेरघाटात. देवगडच्या गोंड राज्यावर 18व्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, आणि आपल्यापैकी अनेक घराण्यांचे मूळपुरुष त्या शतकात किंवा त्यानंतर या जमिनीवर स्थिरावले. कपाशी त्यांनीच आणली असे कोणी समजू नये, ती आधीपासून होती. त्यांनी ती वाढविली.

वाकळीत मात्र कापूस भरीत नसत. बाहेरच्यांचा येथे नेहमी गोंधळ होतो. कापूस भरतात तो गादीत आणि रजईत. त्यासाठी पिंजारी लागे, त्याची ताणलेली तात लागे, आणि दिवाळीच्या सुमारास तिचा टणत्कार गल्लीत ऐकू येई. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या चार खंडांत बहना अर्थात पिंजारा यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. जिज्ञासूंनी ते अवश्य पाहावे, मात्र साहेबी नजरेचा चष्मा बाजूस ठेवून. रजई ही विकत घेण्याची वस्तू होती. वाकळीस दाम पडत नसे; दोरा तेवढा विकत, बाकी सारे घरचे जुने. ज्या गावाने अवघ्या जगाला कापूस विकला, त्या गावातील माणसे आपल्या पांघरुणात कापसाचे बोंडही घालू शकत नव्हती, ही गोष्ट आम्हाला वाकळ उसविताना प्रथमच टोचली.

हे कसे घडले? अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. भाव कडाडले. 1867 साली मुंबईची आगगाडी नागपुरापर्यंत पोहोचली. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. त्यापुढे सरकी काढणारे कारखाने कापसाच्या गावोगावी उभे राहिले, आणि 1920च्या दशकात नागपूर-इटारसी लोहमार्ग पांढुर्ण्यावरून गेला. कपाशी शेतातून थेट बाजारात जाऊ लागली आणि तीच कापड होऊन बाजारातूनच परत येऊ लागली. आजीच्या वाकळीचा दुसरा पदर याची साक्ष देतो. तो गिरणीच्या कापडाचा आहे. पोत सारखा, सूत बारीक, एका टोकाला निळ्या शिक्क्याचा डाग. अक्षरे पुसली आहेत. नागपूरच्या गिरणीचा असावा असा आमचा तर्क, तर्कापलीकडे त्याला आधार नाही.

तिसऱ्या पदराने आम्हाला थांबविले. तो एका वस्त्राचा नव्हताच. सदऱ्याची पाठ, धोतराचा फाटका पन्हा, पिशवीचे कापड आणि कोणा मुलाच्या झबल्याच्या बाह्या असे हाताएवढे तुकडे जोडून तो केला होता. आईच्या बोलण्यात ‘कंट्रोलचे दिवस’ वारंवार येत, तेच हे दिवस असले पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धात कापडाची विलक्षण टंचाई झाली आणि 1943 साली सरकारने कापड व सुतावर नियंत्रण आणले. इतिहासाच्या पुस्तकात हे एका वाक्यात येते. इथे ते सव्वीस तुकड्यांत होते. आम्ही ते मोजले. त्यांतील एकही तुकडा वाया गेला नव्हता आणि प्रत्येकाची कड आत दुमडलेली होती. बाहेरून कोणाला दिसणार नाही अशा जागी इतकी निगुती कशासाठी, असे आम्ही म्हणालो. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, दिसण्यासाठी नव्हे. कड मोकळी ठेवली तर धुताना आत गोळा होतो.”

वरचा पदर 1970 नंतरच्या छापील सुती पातळाचा. त्यानंतर आजी गेली, आणि पदर चढविणेही थांबले. त्याचे कारण केवळ आजीचे जाणे नव्हते. नऊवारी जाऊन सहावारी आली, सुती जाऊन टेरिलिन आले. कृत्रिम धाग्याचे कापड वर्षानुवर्षे धुऊनही मऊ पडत नाही, घाम टिपत नाही आणि सुईखाली निसटते. वाकळीचा कच्चा माल म्हणजे झिजलेले सुती लुगडे. तेच घरातून नाहीसे झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे कापड आमच्याच मुलखात विणले जाऊ लागले होते. 1991 पासून सौंसरजवळ बोरगावला रेमंडचा कारखाना आहे आणि भागातील अनेक घरांची चूल त्यावर पेटली आहे, तेव्हा नव्या वस्त्रांविषयी कृतघ्नपणे बोलणे आम्हास शोभणार नाही.

प्रश्न उरला आईच्या चार लुगड्यांचा. हाताने वाकळ घालणे आता घरात कोणाच्या आवाक्यात नव्हते. सौभाग्यवतींच्या बोटांना संधिवात, सूनबाई नागपूरला नोकरीत. घरात एक काळे हातमशीन होते, वडिलांनी घेतलेले, उषा छापाचे. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये ही यंत्रे 1930च्या दशकापासून तयार होऊ लागली, तत्पूर्वी सिंगरचेच राज्य होते. यंत्रावर शिवलेल्या वाकळीस वाकळ म्हणावे काय, हा वाद आमच्या घरात आठवडाभर चालला. आम्ही पुराव्यासाठी गांधीजींना साक्षीस काढले. यंत्रांचे कट्टर टीकाकार म्हणून जे ओळखले जातात, त्यांनी 1924 साली एका तरुण विद्यार्थ्याशी बोलताना सिंगरच्या शिलाई यंत्राला स्पष्ट अपवाद केला होता. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने हे यंत्र योजिले, असे त्यांचे म्हणणे. इतिहासाला ही गोड कथा मान्य होईलच असे नाही. सिंगरचे 1851 सालचे एकस्व ही धंद्याची चाल होती. टोकाशी नेढे असलेल्या सुईचे आणि दोन धाग्यांच्या गाठटाक्याचे एकस्व एलायस हौ याने 1846 सालीच घेतले होते. आणि त्याहीपूर्वी, 1830 साली, एकस्व मिळविणाऱ्या तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याची यंत्रे पॅरिसच्या शिंप्यांनी पोटावर पाय येईल या भयाने मोडून टाकली होती. तथापि यंत्र सामान्य स्त्रीच्या ओसरीवर पोहोचले ते सिंगरच्या मंडळींनी 1856 पासून हप्त्यांनी विक्री सुरू केल्यामुळे, एवढे श्रेय त्यांचे त्यांना द्यावे. आमचे वडीलही हप्त्यांनीच हे यंत्र घरी घेऊन आले होते.

हा वाद आपल्याच ओसरीवर आहे असेही नाही. गोधड्यांचे मोठे वेड असलेल्या अमेरिकेत यंत्राने टाके घातलेल्या गोधडीला कितीतरी वर्षे दुय्यम मानीत. 1989 साली केंटकीतील पडुका येथील राष्ट्रीय प्रदर्शनात अशा गोधडीला प्रथमच सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा तिथेही मोठी खळबळ उडाली म्हणतात. त्याच देशातील अलाबामा प्रांतात जीज बेंड नावाचे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे खेडे आहे. तिथे मिसूरी पेटवे नावाच्या बाईने 1942 साली, नवरा वारल्यावर, त्याच्या शेतकामाच्या विरलेल्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेची ऊब पांघरता यावी, हा तिचा हेतू तिच्या मुलीने पुढे सांगितला. त्या खेड्यातील गोधड्या 2002 साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत टांगल्या गेल्या. आम्ही हे वाचले त्या रात्री आईचे गाठोडे सोडले.

प्रथम कात्री लावण्याचा प्रसंग. हिरव्या लुगड्याच्या घडीत कापराचा वास होता. आम्ही कात्री हातात घेऊन किती वेळ बसलो ते सांगत नाही. अखेर सौभाग्यवतींनी पदराकडून नव्हे, आतल्या निऱ्यांकडून पहिला काप घेतला आणि कात्री पुन्हा आमच्या हाती दिली.

नवशिक्याने मोठा पसारा मांडू नये म्हणून लहान बाळगोधडीएवढे माप ठरविले. पाच इंचांचे चौकोन, आडवे सहा आणि उभे सात, म्हणजे बेचाळीस. शिवण दोन सुतांची, त्यामुळे शिवल्यावर चौकोन साडेचार इंचांचा राहतो, आणि पुरी लांबी-रुंदी साडेएकतीस बाय सत्तावीस इंच. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात आमची शिवण दोनाऐवजी अडीच सूत पडत गेली. प्रत्येक जोडाला दोन्हीकडून मिळून एक सूत गेले; पाच जोडांत पाच सूत, म्हणजे अर्ध्या इंचाहून अधिक. एक रांग बरोबर, दुसरी आखूड, आणि बांध कुठेच जुळेना. जरीब एक कडी कमी धरली की शेवटच्या शेताशी तंटा कसा उभा राहतो, हे आम्ही दुसऱ्यांना आयुष्यभर समजावीत आलो. दोन रांगा उसवल्या, यंत्राच्या पाटीवर सुईपासून दोन सुतांवर कागदी पट्टी चिकटविली आणि तिच्या कडेने कापड सरकविले. मग चौकोन शहाण्यासारखे बसले.

खरी फजिती पुढे झाली. वर हे चौकोन, मध्ये मऊ पडलेली सुती चादर, खाली आईच्याच लुगड्याचे अस्तर, असे तीन पदर घातले. आजीची रीत आम्हाला ठाऊक होती. हाताची वाकळ कडेपासून सुरू होते. धावदोऱ्याची एक चौकट पुरी झाली की तिच्या आत दुसरी, असे करीत मध्याकडे जावयाचे. सीमेलगतच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियाही आपली कवंदी अशीच कडेकडून आत शिवतात. आम्ही परंपरेला स्मरून यंत्रावर कडेपासून आरंभ केला. चौथ्या फेरीला मधोमध कापडाचा असा फुगा उठला की जणू खाली मांजर निजले आहे.

कारण यंत्राच्या चालीत आहे. सुईखालचे दात फक्त खालच्या पदराला पुढे ओढतात. वरचा पदर दाबपट्टीखाली अडून मागे राहतो आणि सारा थोडा थोडा सरकत जातो. कडेकडून आत आले की हा सरकलेला ऐवज मध्यात कोंडला जातो, त्याला बाहेर पडावयास वाट राहत नाही. हाताने शिवणारी बाई प्रत्येक टाक्याबरोबर तळहाताने कापड सारखे करीत असते, म्हणून तिला कडेकडून येणे परवडते. यंत्राला तळहात नाही. म्हणून यंत्रावर मधल्या रेषेपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना बाहेर जावयाचे. इतकी साधी गोष्ट, पण ती उमगावयास आम्हाला चार फेऱ्या आणि उसविण्याची एक अख्खी दुपार लागली.

दुसऱ्या खेपेस अस्तर जमिनीवर ताणून कडा चिकटपट्टीने धरल्या, तिन्ही पदर चार-चार बोटांच्या अंतराने सेफ्टी पिनांनी टाचले, दाबपट्टीवरचा स्क्रू किंचित सैल केला, सुई सोळा नंबरची घातली आणि टाका लांब केला. पिन सुईखाली येण्याआधी काढावयाची, हे एकदा विसरलो. सुई मोडली, डोळा वाचला. गोधडी गुंडाळून यंत्राच्या बाहूखालून न्यावी लागते, तेव्हा लहान मापाचा शहाणपणा पटतो. नव्या यंत्रांना वरचा पदरही बरोबर चालविणारी पट्टी जोडता येते. आमच्या काळ्या यंत्राला ते ऐश्वर्य नाही. एक हात चाक फिरविण्यात गुंतल्याने कापड धरावयास दुसरा एकटाच उरतो, म्हणून सौभाग्यवती समोर बसून कापड धरीत. “ओढू नका,” त्या सांगत, “बैलाचा कासरा धरल्यासारखा नुसता हात ठेवा, ते आपल्या पावलाने चालते.”

वाकड्या रेषा तीन राहिल्या आहेत. अस्तराच्या बाजूस एके ठिकाणी दोऱ्याचे जाळे झाले आहे, कारण दाबपट्टी खाली न पाडताच चाक फिरविले. त्या जागा उसवाव्या असे मनात होते, पण जीर्ण लुगडे तिसऱ्यांदा उसवणे सोसणार नाही असा निर्णय घरात झाला. कडेला काठाचीच पट्टी लावली. आईच्या लुगड्याचा तांबडा काठ चारही बाजूंनी पुरला आणि वीतभर उरला.

संक्रांतीला मुलगा, सूनबाई आणि नात आली. नात पाच वर्षांची. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी हिंदी, आमच्याशी मराठी. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा कचेरीवरच्या पाट्यांची भाषा कोणती असावी यावर आम्ही मित्रांनी पुष्कळ खल केला होता. घरात या पोरीच्या तोंडी कोणते शब्द उरतील, याचा खल केला नव्हता. तिने गोधडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “आबा, हे ब्लँकेट कोणी बनवलं?”

“ही वाकळ आहे,” आम्ही म्हणालो. “लुगडी तुझ्या पणजीची.”

तिला ‘ळ’ अजून जमत नाही. “वाकय,” ती म्हणाली. आजीही नेमकी अशीच म्हणत असे. सूनबाई उच्चार सुधारू लागली, तिला आम्ही हातानेच थांबविले.

आजीच्या वाकळीचे उसवलेले पदर धुऊन, वाळवून ठेवले आहेत. सव्वीस तुकड्यांचा तिसरा पदर नव्या अस्तरावर ताणून त्यास चौकट करावी असे मुलाचे मत पडले. सौभाग्यवतींना ते पसंत नाही. पांघरूण भिंतीला टांगल्याने थंडी जात नाही असे त्या म्हणतात. त्यामुळे तो पदर आता मधोमध घालून दुसरी वाकळ करावयाची आहे. आईची तीन लुगडी शिल्लक आहेत, सुया आणल्या आहेत, आणि या खेपेस रेषा मधूनच सुरू करणार आहोत.